मोठी पुसा

११ जून, रविवार दुपार

प्रिय छोटी,

अनेक आशीर्वाद. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नकोस, इथे सगळं ठीक आहे. गुडघे तेवढे बोलतात, बाकी घरात बोलणारं कोणी नाही. तुझ्या नवऱ्याचा खोकला कसा आहे?

घरचा कॉम्प्युटर जागा नाही म्हणून कुरकुरत होता. हे गेल्यापासून मी त्यातलं काही हलवलं नव्हतं. शेवटी दुसरी डिस्क घ्यायची ठरवली. दुरुस्तीवाल्या बाई आल्या, पेटीचं झाकण काढलं आणि म्हणाल्या की आत एक उशी भरेल इतकी धूळ आहे. माझ्या घरात येऊन! नवी डिस्क जुनीच्या खालच्या खणात बसवली, दोन वायरी जोडल्या, झालं. जुनी जशीच्या तशी ठेवायची, नवीवर सगळी यंत्रणा नव्याने चढवायची, असा त्यांचा बेत होता; मी तो अर्ध्या कानाने ऐकला. तेही त्याच करून देणार होत्या. मी म्हटलं, राहू द्या, मला नन्सनी इंग्रजी वाचायला शिकवलंय.

काय शाळा होती ती! मराठी बोललं की दिवसभर गळ्यात पाटी. तू डेस्कचं झाकण उचलून आत तोंड घालायचीस आणि मनसोक्त मराठी बोलून घ्यायचीस. चुगली अर्थातच मी करायचे. संध्याकाळी आई आपल्या दोघींचंच इंग्रजीचं पुस्तक घेऊन शिकायला बसायची, कारण आपलं प्रगतिपुस्तक तिला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचं नव्हतं. 'कप-बोर्ड' म्हणायची, दोन तुकडे करून. बाबांनी तो धडा कॅसेटवर घेतला होता. आई अडखळते, मी तिला दटावते, तू खिदळतेस.

हो, तीच कॅसेट. आई गेली त्या आठवड्यात ती कपाटातून नाहीशी झाली आणि मी आलेल्या माणसांसमोर तुला चोर म्हटलं. तेव्हा एक गोष्ट मी सांगितली नाही. यांनी ती कॅसेट आधीच कॉम्प्युटरवर उतरवून ठेवली होती. भांडत होते तेव्हाही आईचा आवाज माझ्याकडे होता, छोटी. पुढे चार वर्षं रोज दुपारी मी तो एकटीने ऐकला.

आता नाही. कोणती डिस्क पुसायची, असं पडद्यावर आलं तेव्हा मी बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "छोटी तशीच ठेवा, मोठी पुसा." त्या मापाचं बोलत होत्या. नवीत जागा जास्त, म्हणून ती मोठी. आपल्या घरात मोठी म्हणजे आधी आलेली, आणि मोठी कोण यावरून मी आयुष्यभर इतका तोरा मिरवला की दुसरा अर्थ माझ्या डोक्यातच आला नाही. मी जुनी पुसली. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरने दोनदा विचारलं. मला खात्री विचारतो!

बाई दोन दिवस खटपट करत होत्या. नुसतं पुसलं असतं तर काढता आलं असतं म्हणे, पण त्यावर नवं लिहिलं गेलंय. मी त्यांच्या मराठीवर अर्धा तास तोंडसुख घेतलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "त्यात होतं काय, आजी?" मी उठून कागद-पेन काढलं.

म्हणून हे पत्र. कॅसेट तू खरंच नेली असशील, तर माझ्यावर उपकार केलेस. नेली नसशील, तर मी विनाकारण तुझं नाक कापलं, आणि आईचा आवाजही मीच घालवला. काहीही असलं तरी माफी मीच मागायची आहे, आणि ती मागते आहे. ही सवय नाही, म्हणून कोरडी वाटली तर चालवून घे.

कॅसेट परत मागत नाही. तुझ्याकडे आहे, एवढं एका ओळीत लिही. नेली म्हणून लिही, चोरली म्हणून लिही.

तू चोर ठरावीस म्हणून देवाला हात जोडणारी,
तुझी ताई