मास्तर बघून गेले

२ जानेवारी, सोमवार

पोचले! गाडीतून उतरणारी मी एकटीच. स्टेशन एवढंसं: दोन फलाट, एक लोखंडी पूल, एक तिकीटखिडकी आणि एक घड्याळ, जे चक्क बरोबर चालतं. याच स्टेशनचं मॉडेल मला करायचंय. तेही खेळण्यातल्या ठोकळ्यांचं, ज्यांच्या डोक्यावर बटणं असतात आणि जे एकमेकांत टच्चकन बसतात ते. आर्किटेक्चर अर्धवट सोडलेल्या माणसाला याहून झकास नोकरी कुठे मिळणार? आईला फोन केला तर म्हणाली, लहानपणी तुझ्या ठोकळ्यांवर पाय पडून मी किती बोंबलले आहे, तेव्हा अर्धा पगार माझा.

झेंडेवाल्या काकांनी बॅग उचलून आणली. गाडीला हिरवा-लाल झेंडा दाखवणं हे त्यांचं काम, पण इथे सगळेच सगळं करतात म्हणे. खोली पार्सल ऑफिसच्या वर आहे. भलंमोठं टेबल, पोत्याने ठोकळे, आणि गज लावलेली खिडकी, जिच्यातून अख्खा फलाट दिसतो.

स्टेशनमास्तरांनी सांगितलं, काम मनासारखं झालं की नोकरी कायम आणि दोन खोल्यांचं क्वार्टर. म्हणजे आई माझ्याकडे! दादाकडे ती पॅसेजमध्ये झोपते. वहिनी पाणी प्यायला उठली की हिच्या गुडघ्यावर पाय देऊनच पुढे जाते. चुकून. रोज चुकून.

५ जानेवारी

एक नंबरचा फलाट झाला. पूल छळतोय, मध्येच वाकतो. मास्तर रोज संध्याकाळी येतात, हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती फिरतात आणि जातात. कशाला बोटसुद्धा लावत नाहीत. सभ्य माणूस. मी म्हटलं, करड्या रंगाचे ठोकळे पुरत नाहीयेत, दोन नंबरच्या फलाटावरचं बाकडं राहणार बहुतेक. म्हणाले, राहू द्या. चुकलंमाकलं तर आम्ही सांभाळून घेऊ.

असा बॉस असावा. कॉलेजात आमचे सर रेषा जरा हलली की कागद फाडायचे.

तिकीटखिडकीतली बाई मात्र तिखट आहे. मला ठोकळेबाई म्हणते. विचारत होती, शिकूनसवरून शेवटी खेळणीच मांडायची होती तर आईबापांनी बालवाडीतच का नाही ठेवलं? काका खो खो हसले. मीपण हसले, काय करणार.

६ जानेवारी

दोन नंबरचं बाकडं नाही. होतं तिथे ओलं सिमेंट. काका थापी धूत होते. म्हणाले, सांभाळून घेतलं पोरी, तू काळजी करू नको.

मला वाटलं, गंमत करतायत. एवढी मेहनत घेऊन कोण गंमत करतं?

१० जानेवारी

काल मी पाण्याचा नळ चुकून फलाटाच्या दुसऱ्या टोकाला बसवला. मास्तर बघून गेले. आज नळ त्या टोकाला. पाइप तिथवर जातच नाही, नुसता नळ जमिनीत रोवलाय. आणि लोक रांगेत! बाटली लावतात, थोडं थांबतात, झाकण घट्ट करतात, मागच्याला जागा देतात. एका म्हाताऱ्याने तर रिकामी बाटली तोंडाला लावून आह केलं.

मास्तरांकडे गेले. म्हटलं, चूक माझी आहे, मी मॉडेल बदलते, तुम्ही स्टेशन कशाला बदलताय? त्यांनी मला खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं, जसं लहान मुलाला समजावतात तसं. म्हणाले, मॉडेल वरून मंजूर झालेलं आहे. स्टेशन कुणी मंजूर केलंय?

मी ते आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, सरकारी माणसं अशीच, तू तुझं काम कर आणि मला लवकर घेऊन जा.

१३ जानेवारी

माणसं बसवली. पिवळ्या गोल डोक्याची, बोटभर उंचीची. मास्तर, काका, खिडकीवाली, पार्सलवाले. टेबलाशी बसलेली मीसुद्धा. त्यांचे पंजे मनगटातून ओढले की टुपकन निघतात.

खिडकीवाली बघायला आली होती. क्वार्टर आपल्याला मिळेल म्हणून ती इतकी वर्षं आशेवर होती, हे मला काकांकडून कळलं. स्वतःची बाहुली बघून तिने नाक मुरडलं. मग म्हणाली, तुझ्या आईचे गुडघे गेलेत ना गं? मग जिने चढवायला कशाला आणतेस, पोत्यात भर आणि पार्सलने मागव, खालच्या खालीच उतरवून घेतील.

ती गेल्यावर मी तिच्या बाहुलीचा उजवा पंजा काढला. खिशात टाकला.

खोटं कशाला लिहू. रागाच्या भरात काढला, आणि मला बघायचंही होतं, काय होतं ते.

मास्तर बघून गेले.

१४ जानेवारी

खिडकीत डावा हात. तिकिटं डाव्या हाताने. उजवं मनगट गुंडाळलेलं, फडक्यावर लाल डाग, तो पसरत होता.

पार्सलवाल्यांकडे पत्रे कापायचं यंत्र आहे. काकांनी सांगितलं. एका झटक्यात झालं, म्हणाले, उगाच त्रास दिला नाही.

तिने माझ्याकडे सुटे पैसे मागितले. अगदी नेहमीच्या आवाजात. डोळे मात्र माझ्या खिशावर.

मी जिन्यात ओकले.

आणि तरी, हे लिहिलंच पाहिजे, मनात कुठेतरी एक बारीकसं बरं वाटलं. आता बोल म्हणावं आईबद्दल.

१५ जानेवारी

नाही. हे नको. सकाळीच पंजा परत बसवला. मास्तर येताच पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. म्हटलं, बघा, दोन हात आहेत, आता तिला डॉक्टरकडे न्या, काय वाटेल ते करा. ते वाकून बघत राहिले. मग खूश होऊन म्हणाले, होईल व्यवस्था.

१६ जानेवारी

खिडकीवालीला उजवा हात आहे. मोठा. केसाळ. नखं काळी. सुतळीने मनगटाला शिवलाय आणि वर चिकटपट्टी.

काका डाव्या हाताने झेंडा दाखवत होते. उजवी बाही मोकळी. मला बघून ओशाळले. म्हणाले, जरा रुंद पडला तिला, पण आमच्यात त्यातल्या त्यात मापाचा माझाच होता. आणि रडू नको पोरी, मास्तरांना काम फार आवडलंय तुझं.

बॅग भरली आहे. उद्या दुपारच्या गाडीने जाते. नोकरी गेली खड्ड्यात. आई पॅसेजमध्ये झोपते तर झोपू दे, निदान

रात्री — दादाचा फोन. वहिनीच्या माहेरची माणसं येतायत, म्हणून त्याने आईला गाडीत बसवूनही दिलं. उद्या दुपारी इथे. वर म्हणतो, तुला सरप्राइज.

आईचा फोन लागत नाही. ती गाडीत फोन बंद करून ठेवते. चार्जिंग वाचवायला.

१७ जानेवारी, सकाळ

पळून जाऊन उपयोग नाही. गाडी थांबणार इथेच. मग मॉडेलमध्येच नीट करायचं. मास्तर कालच म्हणाले, गाडी तेवढी राहिली आहे, ती झाली की काम संपलं, उद्या गाडीच्या आधी शेवटचं बघून जातो.

एकच डबा केला, पण नीट. दारं उघडी ठेवली. आत बाकं. आईची बाहुली फलाटावर, गाडीबाहेर, उतरलेली. दोन हात, दोन पाय, हातात पिशवी. तिच्याजवळ कुणी नाही. पुन्हा पुन्हा तपासलं. दोन हात, दोन पाय. काकांच्या बाहुलीचा पंजा काल मास्तर यायच्या आतच काढून ठेवला होता, तो परत लावून टाकला, मग घाबरून काढला. मग कुणाचा आणतील?

खिडकीवालीची माफी मागायला हवी. गाडी गेल्यावर मागते. आधी आई.

आंघोळ करून येते. अंगाला घामाचा वास येतोय, आईला लगेच कळेल.

नंतर

खिडकीवाली माझ्या खुर्चीत बसली होती. मास्तर दारातून बाहेर पडत होते. मला नमस्कार करून गेले.

तिने त्या मोठ्या हाताने गोंदाची बाटली धरली होती, धरता येत नव्हती, निसटत होती, तरी हसत होती. म्हणाली, ठोकळे उरले होते गं तुझे. वाया कशाला घालवायचे?

ती गेली. मी टेबलाकडे बघितलं.

डबा भरलाय. खालपासून छतापर्यंत. पोत्यातले सगळे ठोकळे. एकावर एक, फट नाही. गोंद वाळलाय.

आईची बाहुली फलाटावर नाही.

आणि मॉडेलमधल्या माझ्या खोलीला दार नाही. त्या जागी भिंत. तीही चिकटवलेली.

बाहेर विटांचा आवाज येतोय. काका आहेत. मी दार ढकललं तर पलीकडून म्हणाले, थांब पोरी, एका हाताने वेळ लागतो.

—

सुरीने निघत नाही. सुरीचं पातं गेलं. मॉडेल उचलून आपटलं तर? — तर गाडीपण — आणि मास्तर बघून गेलेत. आता बदललं तरी कुणी बघणार नाही.

खिडकीचे गज. ओरडले. खाली सगळ्यांनी वर बघून हात केला.

फलाटावर पार्सलवाले उभे. विटांच्या पाट्या. खूप.

—

गाडी आली. एकच डबा.

दारं उघडी. मी ठेवली होती तशी. कुणी उतरत नाही. पार्सलवाले पाट्या आत देतायत आणि आतले लोक हसत घेतायत — रांग लावून — हातोहात — कुणी विचारत नाही

आई दिसली. खिडकीशी. आई उतर. आई

तिने मला बघितलं. हात हलवला. तिला ऐकू येत नाही. काहीतरी सांगतेय, बोटाने दाखवतेय — थांब, येते, हे एवढं —

बाह्या वर केल्या तिने. वीट घेतली. मागच्या बाईला दिली. दुसरी घेतली. गुडघ्यापर्यंत आल्यात विटा, तरी ती — तिला वाटतंय मदत — कमरेपर्यंत — आई, हात नको पुढे करू, आई घेऊ नको, आई घे