विहानचा मृत्यू आणि कमरुनचा डोळा

८ जानेवारी, गुरुवार
शेजारच्या कमरुन्निसाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. यवतमाळला. उजवा डोळा. डावा लहानपणापासून अधू, म्हणजे बाईची सगळी भिस्त या एकावर.
डॉक्टरांचे हुकूम : डोळा चोळायचा नाही. रडायचं नाही. चष्मा येईपर्यंत, महिनाभर, वाचायचं नाही. पहिले दोन तिने मुकाट ऐकले. तिसऱ्याला म्हणाली, मंग काय महिनाभर भिंतीकडं पाहून राहू?
मी म्हटलं, मी वाचून दाखवीन. रोज दुपारी चारला. पूर्ण आर्णीत या कामाला माझ्याइतकं लायक कोणी नाही. कॉन्व्हेंटचं शिक्षण. त्यावर टेलिफोन खात्यात जन्म गेला, ट्रंक कॉलच्या बोर्डापासून सुपरवायझरपर्यंत. आवाज अजून स्वच्छ आहे.
संकल्प : या महिन्यात कमरुनची वाचनाची आवड सुधारायची. ती फक्त प्रेमकथा वाचते.

९ जानेवारी
वाचनालयातून विज्ञान कादंबरी नेली. ‘ग्रह क्रमांक नऊशे बारा’. कमरुनने विचारलं, यात लगन होते का? नाही म्हटल्यावर म्हणाली, तर मंग तू वाच घरी, मले माह्यं वाच.
तिचं म्हणजे तिने ऑपरेशनआधी वाचनालयातून आणून ठेवलेलं ‘कॉफी, तू आणि कोथरूड’. जाड. कव्हरवर छत्री. नायक विहान, नायिका स्वरा. दोघंही आयटीत, पण कामाला गेल्याचं पहिल्या पाच प्रकरणांत दिसलं नाही.
माझं मत : सगळी प्रेमं पुण्यातच का होतात? आमच्याकडे माणसं काय नुसती तूर सोंगतात? मी ट्रंक कॉलवर खरी प्रेमं ऐकली आहेत. माणसं तीन मिनिटांत काय काय बोलून जात. या विहानला ‘मला तू आवडतेस’ म्हणायला एकशे दहा पानं लागली.

११ जानेवारी, रविवार
आज थोडं संपादन केलं. गच्चीवरचं सबंध पान गाळलं. फिरोज, म्हणजे कमरुनचा मुलगा, गॅरेजवरून चहाला आला होता, दारातच उभा होता. शोभलं नसतं. गच्चीऐवजी दोघांना लायब्ररीत नेलं आणि वर्तमानपत्र वाचायला दिलं.
कमरुन म्हणाली, या पोरात दम नाही व.
लेखिकेने खरं तर माझे आभार मानायला हवेत.

१४ जानेवारी, बुधवार
तिळगूळ घेऊन गेले. आता फिरोजची बायको अतियाही कणीक मळता मळता ऐकते. माझं वाचन लोकांना धरून ठेवतं, त्याला मी काय करणार.
घरी नऊशे बारा संपवलं. मत : कल्पना चांगल्या, माणसं नाहीत. शंभर पानांत कोणी जेवलं नाही. सगळे एकमेकांना जे आधीच माहीत आहे तेच समजावून सांगतात. आणि इसवी सन दोन हजार तीनशेमध्येही चहा बाईच आणते. फक्त ती रोबो आहे.
तरी विज्ञान ते विज्ञान. प्रेमकथेपेक्षा कधीही बरं. रात्री विहानचं पुढचं प्रकरण आधी वाचून ठेवलं. केवळ तयारी म्हणून. त्यापुढची चार प्रकरणंही तयारी म्हणूनच.

१७ जानेवारी, शनिवार
आज विहान मेला.
पुस्तकात मरत नाही. पुस्तकात तो तिसऱ्यांदा स्वराला न सांगता परदेशी निघून जातो, आणि परत आल्यावर एक गुलाब देतो, आणि ती मूर्ख मुलगी त्याला माफ करते! माझा संताप झाला. अशा माणसाची लाईन कापलीच पाहिजे. वाचता वाचता पुलावर समोरून ट्रक आणला. दोन वाक्यांत काम आटोपलं.
अतियाने कणकेचा हात तोंडावर नेला. कमरुन नुसती, जातो मी पडतो जराशी, म्हणाली.
साहित्यिकदृष्ट्या शेवट उत्तम झाला. घरी आल्यावर चहा मात्र गोड लागला नाही. साखर बदलायला हवी.

१८ जानेवारी
अतिया सकाळीच आली. अम्मी काल संध्याकाळपासून रडून राह्यली म्हणे. ओढणीने डोळा चोळला. डोळा लालभडक. फिरोज तिला गाडीत घालून यवतमाळला निघाला.
अतिया म्हणाली, त्या पोरानं सुख पाह्यलंच नाही, असं म्हणून म्हणून रडली.
मी म्हटलं, कोणत्या पोरानं? मला माहीत होतं कोणत्या.
दिवसभर काही केलं नाही. वरण करपलं.

१९ जानेवारी, सोमवार
सूज आहे. ड्रॉप वाढवले. डॉक्टर फार रागावले. एकच डोळा आहे बाईला, म्हणाले. फिरोज सांगत होता, त्यांनी विचारलं, घरात कोणी गेलं का? फिरोज म्हणाला, हो, विहान. डॉक्टर गंभीर झाले. तरुण होता का, असं विचारलं त्यांनी.
हसू आलं नाही.
संकल्प : उद्या सगळं सांगून टाकायचं. शाळेत ख्रिश्चन मुली शुक्रवारी चॅपेलमध्ये कन्फेशनला जात आणि हलक्या होऊन बाहेर येत. आम्हा बाकीच्या मुलींना तेव्हा शिवण असायचं. सवयच लागली नाही.

२० जानेवारी
सांगितलं नाही. ती काळा गॉगल लावून बसली होती. म्हणाली, बेबी, आज नको वाचू. त्याच्याबिना काय वाचतं?
अशा अवस्थेत धक्का देणं बरं नाही. वैद्यकीय कारण आहे.
पण रडणं थांबलं पाहिजे. म्हणजे विहान जिवंत झाला पाहिजे. मी मारला आहे, ट्रकखाली, साक्षीदारांसमोर. साध्या उपायाने परत येणार नाही. विज्ञान लागेल.

२१ जानेवारी, बुधवार
नऊशे बारा कामाला आलं. त्यातले डॉ. त्रिविक्रम मेलेल्या माणसांना गोठवून दूरच्या ग्रहावर नेतात आणि दुरुस्त करतात. मी त्यांना पुण्याच्या हॉस्पिटलात आणलं. हातात कॉफी-कोथरूडच धरलं होतं आणि पानंही वेळेवर उलटत होते. कोणाला कळलं नाही.
कमरुन ताठ बसली. म्हणाली, म्हंजे जीव आहे त्याच्यात?
मी म्हटलं, धुगधुगी आहे.
अल्लाचं नाव घेऊन तिने अतियाला चहा टाकायला सांगितला. आज साखर ठीक होती.

२३ जानेवारी
डोळ्याची लाली उतरली. हे माझ्यामुळे झालं. झालं होतं तेही माझ्यामुळेच, पण हिशेब पूर्ण व्हायला हवा ना.
फिरोज आता गॅरेज सोडून बरोबर चारला येतो. त्याने विचारलं, मावशी, रॉकेटात बिघाड झाला तर वर्कशॉप कुठं? ग्रहावर, म्हटलं. मग पार्ट कुठून येतात म्हणे. लेखकाने याचा विचारच केलेला नाही. मी तिथे गॅरेज काढलं. फिरोज खूश.

२६ जानेवारी, सोमवार
रोज सकाळी आता दुपारचं ठरवत बसते. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. प्रेमकथा लिहिणाऱ्यांना विज्ञान येत नाही आणि विज्ञानवाल्यांना माणसं. दोन्ही येणारी व्यक्ती आर्णीत पेन्शनवर बसली आहे.
आज खरं सांगायचं ठरलं होतं. पण झेंडावंदनाच्या दिवशी नको.

३० जानेवारी, शुक्रवार
विहान परतला. पण एक अडचण केली मी. ग्रहावर त्याचं एकच वर्ष गेलं आणि इथे चाळीस. (हे नऊशे बारामध्ये आहे. नियम आहे तसा.) तो तसाच तरणा आणि स्वरा माझ्या-कमरुनच्या वयाची. केस पिकलेले, गुडघे दुखतात.
तो फोन लावतो. ती ‘हॅलो’ म्हणते. एवढंच. तो म्हणतो, स्वरा.
आवाजावरून ओळखलं. चेहरा बदलतो, आवाज बदलत नाही, असं तो म्हणतो.
हे कुठून आलं मला माहीत नाही. दोन्ही पुस्तकांत नाही. वाचताना माझाच आवाज जरा घोगरा झाला. धूळ होती.
कमरुन मग म्हणाली, म्हातारी झाली तरी वळखलं ना त्यानं. बस झालं.

१ फेब्रुवारी
गोष्ट काल संपवली. कॉफी-कोथरूड आज सकाळीच देवरावांना, म्हणजे आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालांना, परत करून आले. खालच्या फळीवर मागे ठेवा म्हटलं, कोणी वाचत नाही.
प्रकरण मिटलं. कोणाचं काही नुकसान झालं नाही. झोप मात्र येत नाही. थंडी असावी.

८ फेब्रुवारी, रविवार
चष्मा आला. कमरुन अंगणात बसून पेपरातल्या जाहिराती मोठमोठ्याने वाचत होती. बियाणं, पाईप, सगळं. मला हाक मारली, बेबी, तुह्या हनुवटीवर एक केस आहे व!
फार आनंद झाला. खरंच झाला. मग ती म्हणाली, उद्या वाचनालयात जातो. ते फोनचं पान मले माह्या डोळ्यानं वाचायचं आहे.

९ फेब्रुवारी
सर्दी. गेले नाही. दार लावून घेतलं.
देवरावांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या मैत्रीण घेऊन गेल्या की, खालच्या फळीवर मीच शोधून दिलं.

१० फेब्रुवारी, मंगळवार
कमरुन स्वतःच आली. दार लावून घे म्हणाली. पुस्तक ओढणीखाली.
मी तयार होते. सगळी उत्तरं तयार होती. संपादनाचा हक्क वगैरे.
ती हळू आवाजात म्हणाली, बेबी, मले यात ट्रक दिसत नाही. रॉकेट दिसत नाही. फिरोजनं ऐकलं, अतियानं ऐकलं, म्हंजे पुस्तकात आहे. मलेच दुसरं काही दिसून राह्यलं. मी म्हटलं, मग पेपर कसा वाचला? म्हणाली, तोही तसाच चुकीचा वाचला असन, कोणाले माहीत.
मग म्हणाली, डोळ्यात नाही हे. डोक्यात आहे. माह्या अम्मीलेही असंच झालतं. पह्यले अक्षरं गेली, मंग माणसं. फिरोजले सांगू नको. तू नागपूरले घेऊन चल मले, डोक्याच्या डॉक्टरकडं.
पुस्तक तिने परत ओढणीखाली घेतलं.
मी काय म्हणाले? मी म्हणाले, हो, जाऊ.
हो, जाऊ! हे लिहितानाही लाज वाटते आहे.

११ फेब्रुवारी
सकाळी नऊच्या आत गेले. अंगणात उभ्या उभ्या सांगितलं. ट्रक माझा. रॉकेट दुसऱ्या पुस्तकातलं. फोनही माझाच.
तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी मायेने. म्हणाली, मले समजावू नको बेबी. तू कायले खोटं वाचशील? कॉन्व्हेंटची पोरगी तू. मी भेली म्हणून तू असं म्हणून राह्यली.
मी शपथ घेतली. ती म्हणाली, माह्यासाठी खोटी शपथ घेते, किती जीव लावते.
आयुष्यात इतकं खरं कधी बोलले नव्हते आणि इतका अविश्वास कधी वाट्याला आला नव्हता.
एकच उपाय राहिला. चारला सगळ्यांना बसवते म्हटलं. मी वाचते, तू शेजारी बसून ओळीखाली बोट ठेव. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर सांग.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी
कमरुन, अतिया, फिरोज. फिरोज हात धुऊन आला होता. मी जिथे ट्रक आणला होता तिथूनच सुरुवात केली. विहान पुलावरून नीट गेला. फिरोज म्हणाला, मावशी, ट्रक? मी मान खाली घालून पुढे वाचत राहिले.
कमरुनचं बोट माझ्या आवाजाबरोबर चालत होतं. विमानतळ आला. गुलाब आला. माफी आली. मग पुढची ओळ आली. मला दिसली. मी खोकले आणि तिच्या खालच्या ओळीवर गेले.
बोट हललं नाही.
थांबली काहून, कमरुन म्हणाली.
मी म्हटलं, इथे छपाई पुसट आहे.
ती म्हणाली, पुसट नाही. मले दिसून राह्यलं.
मग तिने स्वतःच ती ओळ वाचली. मोठ्याने, सुनेसमोर, मुलासमोर, एकेक अक्षर सुटं करत. त्याने तिला मिठीत घेतलं आणि तिच्या ओठांवर ओठ टेकवले. फिरोज उठून गॅरेजवर गेला. अतियाने तोंडाला ओढणी लावली.
कमरुनने पुस्तकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आधी सुटका झाली. मग दुसरंच काही आलं.
म्हंजे मी रडली ते फुकटच, म्हणाली.
मी पुढचं पान उलटलं.
दे इकडं, म्हणून तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि पुढे वाचायला लागली. मी उठावं की बसावं, कळेना. बसले. फार वाईट वाचते. जोडाक्षरावर अडखळते, पूर्णविरामाला थांबत नाही, विहान बोलतो की स्वरा बोलते याचा पत्ता लागत नाही. पण एकही शब्द गाळत नाही.
दिवे लागल्यावर तिने पानात दोरा घालून पुस्तक मिटलं. उद्या ये, असं म्हणाली नाही. नको येऊ, असंही म्हणाली नाही.
प्रकरण अर्धं राहिलं आहे. चारला जाऊन पाहते.