शुक्रवारची सहाची वेळ

९ ऑक्टोबर, सोमवार

महिना झाला, वही उशाशी नुसती पडून आहे. रोज म्हणते आज लिहू, आणि बंदरावर जहाजं बघत बसते. आज मात्र काहीतरी कामाचं केलंय!

रेइयो मामा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कोवोलाच्या इस्पितळात गेलाय. तोवर त्याच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे. शाळा अर्धवट सोडलेली, नॉर्वेत लोफोटेनला मासे साफ केलेली भाची, आणि हातात सगळ्या घरांच्या किल्ल्या!

तळघरातल्या सॉनाचं, म्हणजे सगळ्यांच्या वाफेच्या न्हाणीघराचं, वेळापत्रक मामाने स्प्रेडशीटमध्ये ठेवलंय. नाव, वार, वेळ. सोसायटीच्या आउटिओबाई म्हणाल्या, "वेन्ला, नावं अकारविल्हे लाव गं. आपलं नाव शोधताना डोळे फुटतात."

नावांचा रकाना निवडला, क्रमाचं बटण दाबलं. यंत्राने काहीतरी विचारलं — शेजारचे रकानेही हलवू का, असलं काहीतरी. कोण वाचतंय! नको म्हटलं. झालं! छापून जिन्याखाली लावलंसुद्धा.

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

एकही तक्रार नाही. संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरचे ताइस्तो आजोबा सॉनाच्या दाराशी उभे. खांद्यावर पंचा, हातात लाकडी बादली. आत कोणाची तरी पोरं खिदळत होती.

"आजोबा, काही हवंय?"

"नाही, नाही."

यादी परत एकदा वाचली आणि जिना चढून गेले.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आज ताइस्तो आजोबा दिवसातल्या अगदी शेवटच्या पाळीला सॉनात. तोवर भट्टी निवत आलेली असते. बाहेर आले ते अंगावर घामाचा थेंब नाही.

"गरम होतं ना?"

"होतं की."

१८ ऑक्टोबर

स्प्रेडशीटची वरची ओळ खिळवून ठेवायची युक्ती सापडली! कितीही खाली जा, ती जागची हलत नाही. सगळी सकाळ तोच खेळ. मग रकाने रंगवले. जिन्यातला दिवा बदलायचा राहिला.

२५ ऑक्टोबर, बुधवार

सिर्काकाकूंनी जिन्यात गाठलं. त्या ताइस्तो आजोबांच्या समोरच्या.

"त्याची शुक्रवारची वेळ का काढलीस?"

"काढली? मी?"

"सहाची. त्याची बायको आइनो होती तेव्हापासूनची. दोघं एकदम खाली उतरायची. ती गेली तरी हा त्याच वेळेला उतरतो. आठवड्यात तेवढाच काय तो घराबाहेर! मला म्हणाला, एकट्या माणसाला कशाला एवढी चांगली वेळ, असं ठरलं असेल सोसायटीचं."

मामाची जुनी कागदी यादी शोधून ताडून पाहिली. नुसती नावं हलली होती — वार आणि वेळा जिथल्या तिथे! जवळजवळ सगळ्यांच्याच वेळा चुकलेल्या.

"मग कोणी बोललं का नाही मला?"

"यादी लागली म्हणजे लागली. त्यावर काय बोलायचं?"

अख्खी इमारत! दोन आठवडे, तोंड मिटून, माझ्या गाढवपणाच्या वेळेवर आंघोळ करत होती.

"आणि काल, मंगळवारच्या नव्या वेळेला, तो उतरलाच नाही," काकू म्हणाल्या. "बेल वाजवली. दार उघडत नाही."

किल्ली घेऊन धावले. घरात कोणी नाही. अंथरूण व्यवस्थित. कोट नाही. बादलीही नाही! काकू खिडकीतून समुद्राकडे बघत राहिल्या. पोलिसांना कळवलं.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

केलेलं मागे घ्यायचं बटण फिकट पडलंय. दाबलंच जात नाही. फाइल एकदा बंद झाली की विसरतं म्हणे. दिसेल त्या मेनूत शिरले. आलेख, टक्केवारी, कडेच्या रेघा — माझ्या कामाचं काही नाही! मग एका कोपऱ्यात: जुन्या आवृत्त्या. तारीखवार! आठ तारखेवर टिचकी मारली — ताइस्तो वेह्मास, शुक्रवार, सहा.

रडूच आलं.

तीच परत आणली. या वेळी तिन्ही रकाने एकदम निवडले, मग क्रम लावला. नावामागोमाग वेळाही हलल्या. छापली. खाली ठळक लिहिलं: चूक माझी. कोणाचीही वेळ काढलेली नाही. — वेन्ला.

पण वाचणारा कुठे आहे?

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

भट्टी तापवली. सहा वाजून गेले. आत कोणालाही सोडत नाहीये. बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. पोलिसांकडून काही नाही.

जिन्यात ठक-ठक. कुबड्या!

रेइयो मामा! इथे? डॉक्टरांनी सोडलं तरी कसं? धापा टाकतोय आणि माझ्यावरच ओरडतोय — "अगं, बुधवारपासून हा माझ्या खाटेशेजारी बसून होता! बादली मांडीवर! वेळ का काढली ते विचारायला आला आणि विचारायलाच दोन दिवस लावले!"

त्याच्या मागे, जिन्याखाली, कोणीतरी यादी वाचत उभं आहे.