अडतीस नंबरचे आठ यार्ड

मी, लेनर्ड योसेफ कोसारेक, वय ऐंशी, राहणार ब्रॅनफर्ड, ओहायो, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाविना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण हॅमर्स क्लबचे वकील पहिली शंका तिथेच घेतील.

हॅमर्स या आमच्या गावच्या व्यावसायिक फुटबॉल संघाची आकडेवारी मी एकेचाळीस हंगाम लिहिली. चेंडू छातीशी धरून कोण किती यार्ड पळाला, ते मी कागदावर मांडायचे आणि साऱ्या देशाने खरे मानायचे. बाकीचे दिवस मी फाउंड्रीत हजेरी लिहीत असे.

कलम १. मेपल रस्त्यावरचे घर भाची मार्गी हिला. तळघरातला पाणी उपसायचा पंप दोन थपडा खाल्ल्याशिवाय चालू होत नाही, हे तिने लक्षात ठेवावे.

कलम २. माझी दुर्बीण मेव्हणा रे याला. सामन्यात हा माझ्या शेजारी बसून दुर्बिणीतून नंबर ओरडायचा आणि मी लिहायचो. १५ डिसेंबर १९७४, हंगामाचा शेवटचा सामना. मैदानाचा नुसता रबडा झाला होता, पाठीवरचे आकडे चिखलाने लिंपलेले. तिसऱ्या डावात एक जण आठ यार्ड पळाला.

"तेहेतीस!" रे ओरडला.

"अडतीस वाटतो रे मला."

"अडतीसला कोण चेंडू देतंय? लिही मुकाट्याने!"

मी लिहिले. तेहेतीस म्हणजे ड्वाइट लोमॅक्स, आमचा हिरो. त्याचे हंगामाचे १००४ यार्ड झाले, क्लबच्या इतिहासातले पहिले हजार. लोकांनी त्याला खांद्यावरून गावभर मिरवला. दुर्बीण आता रेच्याच घरी राहू दे, त्याने तिच्यातून तेहेतीस आणि अडतीस यांतला फरक शिकावा.

कलम ३. त्या सामन्याचा मूळ तक्ता व फिल्मचे रीळ व्हर्नेटा पेटवे हिला. दर मंगळवारी आम्ही फिल्म पाहून तक्ता तपासत असू. दुरुस्ती बुधवारी दुपारपर्यंत पाठवता येई, नंतर नाही. त्या मंगळवारी मला स्वच्छ दिसले: पळणाऱ्याच्या डाव्या हाताला पांढरी पट्टी होती. ती एलिस पेटवेची, नंबर अडतीस, व्हर्नेटाचा बाप. मी मॅनेजरकडे गेलो. ते म्हणाले, "लेनी, गावाला एक तरी हजार मिळू दे की! आठ यार्डांनी कोणाचं काय बिघडतं?"

मी बुधवार जाऊ दिला.

एलिसचे बिघडले. तो एवढा एकच सामना खेळला, आणि क्लबच्या आकडेवारीच्या पुस्तकात त्याच्या नावापुढे राहिले: धावा शून्य, यार्ड शून्य. पुढे तीस वर्षे तो आमच्याच फाउंड्रीत होता. कँटीनमध्ये पोरे छेडायची, "एलिसभाऊ, पुस्तकात भोपळा आहे की! स्वप्नात पळालात का?" तो माझ्याकडे बघायचा. मी सूपकडे बघायचो. या गोष्टीची मला आजही लाज वाटते, आणि ती मी थडग्यात नेणार नाही. क्लबला गेल्या वर्षात सात पत्रे लिहिली. उत्तर एकच, जुने आकडे उघडता येत नाहीत. बरे, मग मी उघडतो.

कलम ४. बँकेतली शिल्लक एलिसच्या थडग्यावर पुढील ओळ कोरण्यासाठी खर्चावी: "धाव १, यार्ड ८, सरासरी ८.०". या सरासरीला क्लबचा एकही पठ्ठ्या आजवर पोचलेला नाही. ज्याला खोटे वाटेल त्याने भागाकार करून पाहावा.

कलम ५. क्लबने दिलेले सेवेचे घड्याळ क्लबला परत. ते मागे चालते, त्यांना शोभेल. माझ्या दफनाला क्लबच्या कोणीही भाषण करू नये.

कलम ६. गेल्या रविवारी मी लोमॅक्सकडे जाऊन हे सगळे वाचून दाखवले व साक्षीदार होशील का, असे विचारले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. याच्याकडून तर मी आठ यार्ड काढून घेत आहे.

"गेटवर माझा पुतळा आहे, लेनी. खाली १००४ कोरलंय," तो म्हणाला.

"माहितीये."

"त्या वेळी मी बाकावर बसून बुटातला चिखल काढत होतो," एवढे तो बोलला आणि मला दारापर्यंत पोचवायला आला. येईन म्हणाला नाही, येणार नाही असेही म्हणाला नाही. तो न आल्यास शेजारच्या श्रीमती ओलसन सही करतील. कोणीही आले तरी वरचा एक शब्दही बदलणार नाही. बुधवार मी एकदाच जाऊ दिला.

ब्रॅनफर्ड, ओहायो. बुधवार, ११ ऑक्टोबर २०२३, दुपारचे पावणेबारा.

सही: लेनर्ड योसेफ कोसारेक

साक्षीदार १: मार्था ग्रिग्ज, ग्रंथपाल

साक्षीदार २: ड्वाइट लोमॅक्स, नंबर ३३. हंगाम १९७४, एकूण यार्ड ९९६.