घर साब्राचे आहे

मी, शॅड्रॅक टॉलिव्हर, लाकडी पिंपे बांधणारा, राहणार बेकन्स लँडिंग, मिसिसिपी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहवून घेत आहे. वय नक्की माहीत नाही. ज्यांनी माझी जन्मतारीख ठेवायची त्यांना ती ठेवावीशी वाटली नाही. पाय सुजतात, जिना चढवत नाही, पण डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणाऱ्यांचे दिवस गेले, आणि जे अजून आणू पाहतात त्यांना मी जुमानत नाही. लिहून घेत आहेत आमच्या शाळेच्या बाई, मिस आर्डेलिया बून. त्या म्हणाल्या, "टॉलिव्हरकाका, मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत." मी म्हटले, लिहा बाई, माझेच आहे ना ते.

कलम पहिले. नदीकाठच्या रस्त्यावरचे माझे दोन खोल्यांचे घर, मागचे आवार व विहीर माझी मुलगी साब्रा हिची. युद्धाच्या बऱ्याच आधी, ती सात वर्षांची असताना, आम्हा गुलामांचा मालक कर्नल टॉलिव्हर याने तिला टेक्सासच्या एका माणसाला विकले. तिची आई फिलिस त्याच हिवाळ्यात गेली. लोक म्हणतात तापाने गेली. मी तसे म्हणत नाही. साब्राच्या डाव्या भुवईवर माझ्या भट्टीतल्या ठिणगीने भाजल्याचा डाग आहे. कोर्टाने तिच्या नावापुढे 'बेपत्ता' असे लिहू नये. ती हरवलेली नाही, तिला विकले होते. तोच शब्द घालावा.

कलम दुसरे, माझ्या आडनावाबद्दल. युद्ध संपून गुलामांची मुक्ती झाली तेव्हा ज्याने त्याने आवडेल ते नाव घेतले. माझा मित्र प्रायमस याने फ्रीमन घेतले, म्हणजे मोकळा माणूस, आणि महिनाभर वाटेत भेटेल त्याला ते सांगत सुटला. मी टॉलिव्हरच राहिलो. प्रायमस मला म्हणायचा, "अरे, ज्यानं तुझी पोर विकली त्याचं नाव दारावर मिरवतोस? जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

"पोरीला बापाचं दुसरं नाव ठाऊक आहे का?" मी विचारायचो. "ती कुणाला शोधेल, तुझ्या फ्रीमनला?"

पुढच्या रविवारी तो पुन्हा तेच काढायचा. हे नाव मला कधी आवडले नाही. पण पिंपाच्या झाकणावर मी तापल्या लोखंडाने डाग देतो तो असा: 'शॅड्रॅक टॉलिव्हर, साब्राचा बाप'. माझी पिंपे काकवी भरून बोटीने न्यू ऑर्लिन्सला जातात आणि तिथून टेक्सासला. एक व्यापारी कुरकुरला, की मालावर घरगुती गोष्टी कशाला. मी विचारले, पिंप गळते का? नाही ना, मग उचला.

कलम तिसरे. चार वर्षांपूर्वी टेक्सासहून एक बाई असलेच झाकण काखेत धरून माझ्या दारात आली. "मीच साब्रा," म्हणाली. भुवई कोरी होती. तिच्या बापाचे नाव सायलस, आणि त्याच्या हाताची दोन बोटे तुटलेली. माझे हात बघून तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं, बाबानं नाव बदललं असेल," ती म्हणाली. "सगळ्यांनीच बदललीत." दोघेही पोटभर रडलो. मग मक्याची भाकरी आणि पालेभाजी खाल्ली. ती परत गेली नाही. माझ्यामागे तिने या घरात राहावे व ते सांभाळावे. माझी साब्रा आली की किल्ली तिच्या हाती द्यावी आणि स्वतः मागच्या खोलीत राहावे. तिला कोणी बाहेर काढायचे नाही. माझ्या साब्राने कुरकुर केलीच, तर बापाने सांगितले आहे म्हणावे.

कलम चौथे. माझा रंधा, तासणी, हातोडे, भट्टी आणि डागाचे लोखंड प्रायमस फ्रीमन याला. अट एकच, डाग आहे तोच द्यायचा. मोकळ्या माणसाने टॉलिव्हरचा डाग द्यायचा. शिव्या देत दे, प्रायमस, पण दे.

कलम पाचवे. कर्नलचा मुलगा लूशियन गेल्या ईस्टरला दुकानात आला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "शॅड्रॅक, आमचं नाव अजून लावतोस तू. बाबांना किती बरं वाटलं असतं रे. तू गेलास की आमच्या घरच्या दफनभूमीत तुला जागा देतो, कुंपणालगत. दगडावर 'इमानी नोकर' असं कोरून घेऊ."

मी म्हटले, "साहेब, दगड राहू द्या. माझी पोर कुणाला विकली, त्या माणसाचं नाव तेवढं सांगा."

"जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या आता," म्हणाला, आणि टोपी घालून निघाला. त्याला नाव माहीत आहे. मी विचारताच त्याने मान फिरवली, त्यावरून मला ते कळले. म्हणून लिहितो, की मला फिलिसच्या शेजारी पुरावे. टॉलिव्हरांच्या कुंपणाच्या आत पुरल्यास प्रायमसने मला तिथून बाहेर काढावे, दिवसाढवळ्या, लूशियनच्या खिडकीसमोर. लूशियनसाठी मी काही ठेवत नाही.

कलम शेवटचे. आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एकदा प्रवचन झाले की पाद्रीसाहेब ताटातूट झालेल्यांची निवेदने वाचतात. माझे निवेदन मुक्तीपासून वाचले जाते: 'शॅड्रॅक टॉलिव्हर आपली मुलगी साब्रा हिची वाट बघत आहे.' लोकांना ते पाठ आहे, काही जण जांभया देतात. देऊ देत. माझ्यामागेही ते वाचावे, आणि दुसरी साब्रा आपल्या बापाला, सायलसला, शोधते आहे, तिचेही वाचावे. माझ्या निवेदनातला शब्दही बदलू नये. मी मेलो असे त्यात घालायचे नाही. बाई म्हणतात, हे खोटे होईल. होऊ दे. बाप मेला असे ऐकल्यावर पोरेबाळे घेऊन टेक्सासहून कोण निघेल? बाप वाट बघतो आहे, असेच तिच्या कानावर जाऊ दे. आल्यावर तिला खरे काय ते कळेल. ती चिडेल, रडेल, मला वाटेल ते बोलेल. बोलू दे. तेव्हा ती आपल्या घरात उभी असेल.

बाईंनी सगळे वाचून दाखवले. बरोबर आहे.

सही: शॅड्रॅक टॉलिव्हर

साक्षीदार: १. आर्डेलिया बून, शिक्षिका
२. रेव्हरंड ॲब्सलम विक्स, पाद्री (निवेदनाबद्दल हरकत घेतली, पण वाचीन असे कबूल केले)

बेकन्स लँडिंग, ९ ऑक्टोबर १८८८