उशाखालचा विळा

आई, टँकर सकाळीच येऊन गेला होता, घरातली झाडून सगळी भांडी भरली होती, मग त्या दुपारी तू रिकामी घागर घेऊन विहिरीकडं का गेलीस? याचं उत्तर माझ्याकडं नाही, हे आधीच सांगते. मी सहा वर्षांची होते. उंबऱ्यात बसून पाटीवर गिरवत होते आणि तू माझ्या शेजारून बाहेर पडलीस. भाऊ महिन्याचाही झाला नव्हता. बाळंतीण बाई कानाला फडकं बांधलेली, तशीच भर उन्हात चालली आणि कुणी हटकलं नाही. त्या वर्षी विहिरीच्या तळाला पाणी नावापुरतं होतं. पाय घसरला, असं आजी म्हणाली. मुंबईहून वडील आले, तेही तेच म्हणाले आणि माण तालुक्यातल्या आपल्या सगळ्या गावानं ते वाक्य उचललं. इतकी वर्षं मीही तेच सांगत आले.

तू गेल्यावर भावाला आजीनं ठेवून घेतलं, मला आत्यानं तिच्या घरी पलूसला आणलं, तिथंच वाढवलं. घरातली पहिली पदवीधर म्हणून तिनं माझा फोटो टीव्हीच्या वर, देवांच्या रांगेत लावलाय. कॉलेजच्या शिबिरात मी मनाच्या आजारांवर भाषण केलं होतं. 'ताप आला तर सांगतो, मग मन आजारी पडलं तर का लपवायचं?' असं म्हटल्यावर टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्या मला हल्ली फार ऐकू येतात. लग्न होऊन मी साताऱ्याला गेले, नवरा फौजेत आहे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून पुन्हा आत्याकडंच आले. मुलगी झाली. तिचे कान तुझ्यासारखे आहेत, असं आत्या म्हणते.

पाचवी पूजली त्या दिवशी आत्यानं माझ्या उशाखाली विळा सारला. बाळंतिणीला काही बाधू नये म्हणून लोखंड ठेवतात, तुलाही ठेवलं होतं. ते मला आठवतं, कारण एकदा मी तो विळा खेळायला ओढून काढला आणि तू माझ्या हातावर इतक्या जोरात मारलंस की वळ उठला. मग तू स्वतःच तो उचलून गोठ्यात ठेवून आलीस, आणि आजीनं बडबडत पुन्हा आणून ठेवला. मला वाटायचं, मला लागेल म्हणून तू चिडलीस. आता मी त्याच जागी पडून आहे, उशाखाली तसंच गार पातं आहे, आणि मला वेगळंच वाटतं.

कारण तिसऱ्या आठवड्यापासून मला माझ्या हातांची भीती वाटायला लागली. दुपारी घर शांत झालं, मुलगी झोपली, की नको ते डोळ्यांपुढं यायचं. मला ते करायचं नव्हतं, तरी यायचं. मी हात मांडीखाली दाबून बसायची. विळा माळ्यावर ठेवायची, संध्याकाळी तो परत उशाखाली असायचा. पलूसच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, "पहिलटकरणीला होतं असं, झोप घ्या" म्हणाले. नवरा फोनवर म्हणाला, "तू शिकलेली आहेस, मन घट्ट कर. आणि माझ्या आईला यातलं काही बोलू नकोस."

मग मी मोबाइलवर शोधत बसले. सांगलीतल्या एका मनाच्या आजारांच्या दवाखान्यात फोन लावला, तर पलीकडच्या बाईनं विचारलं, "कोण पितंय? नवरा का सासरा?"

"कुणीच पीत नाही."

"मग पेशंट कोण हाय?"

"मी."

"तुमी पिता?"

मी हसले, आई. कितीतरी दिवसांनी हसले, आणि फोन ठेवून रडले. नंतर एक ऑनलाइन समुपदेशक बाई मिळाल्या. चांगल्या होत्या, इंग्रजीत बोलायच्या. मला इंग्रजी येतं, पण उशाखालचा विळा त्यांना समजावता येईना. "मग तुम्ही तो काढून का टाकत नाही?" असं त्यांनी शांतपणे विचारलं. तो काढणं कुणाच्या हातात असतं, हे मला त्या भाषेत सांगता आलं नाही.

शेवटी एका दुपारी मी स्वयंपाकघरात गेले. आत्या भाकरी थापत होती. मी मुलीला तिच्यापुढं धरलं आणि म्हणाले, "आत्या, हिला तुझ्यापाशी ठेव. माझ्याजवळ नको ठेवूस."

तिचे हात काठवटीतच थांबले. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी तिनं उलटली नाही. वास घरभर झाला.

"तुझी आई बी आसंच म्हणली हुती," ती म्हणाली. "याच शब्दात."

"कुणाला?"

"मला. मीच आले हुते की तिच्या बाळातपणाला."

"मग तुम्ही सगळ्यांनी काय केलं?"

"काय करनार? बाधा झाली म्हणलं. इळा ठिवला." आणि मग, अगदी हळू, "तिनं काढला की परत ठिवला."

पिठाच्या हातांनीच तिनं मुलीला घेतलं.

आठवड्याभरात आम्ही सांगलीच्या एसटीत होतो. ओळखीच्या बाईनं विचारलं तर आत्या म्हणाली, "पोरीचा कान दुखतोय, दावायला चाललोय." माधवनगर गेल्यावर तिनं माझा हात धरला आणि स्टँड येईपर्यंत सोडला नाही. आता आम्ही ज्यांच्याकडं जातो त्या समुपदेशक बाई इकडच्याच, वाळव्याकडच्या आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकलं, मध्ये एकदाही तोंडावर आश्चर्य आणलं नाही. असे विचार येणाऱ्या आया त्यांनी पुष्कळ पाहिल्यात म्हणाल्या. औषधाचे डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसतात, अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या त्यांनी दिल्या. मग बाईंनी आत्याला आत बोलावलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, उशाखाली विळा ठेवलाय का?"

"मग! ठिवायचाच की."

"लोखंडच पाहिजे ना? मग पळी ठेवा."

आत्यानं बराच विचार केला. "पळी चालंल?"

"लोखंड ते लोखंड."

"आन् आमटी कशानं वाढू?" आत्या म्हणाली, पण घरी गेल्या गेल्या तिनं विळा शेजारणीकडं देऊन टाकला. आता माझ्या उशाखाली पळी आहे. कधीकधी तिला फोडणीचा वास येतो. दुपारी आत्या मला एकटं सोडत नाही, शेंगा फोडायचं काहीतरी काढून माझ्यासमोर बसते. मी बरी झाले असं मात्र समजू नकोस. घर शांत झालं की अजून माझे हात आपोआप मांडीखाली जातात. परवा कुणीतरी रिकामी कळशी अंगणात आपटली, तर त्या आवाजानं आत्या आणि मी एकदमच उठलो, एकमेकींकडं बघितलं आणि पुन्हा बसलो.

एक गोष्ट राहिली. पहिल्या दिवशी तिथं एक कागद भरायचा होता. घरात कुणाला बाळंतपणानंतर असा त्रास झाला होता का, असं त्यात विचारलं होतं. मी पेन धरून बसले. आत्या शेजारी होती, तिला वाचता येत नाही, तरी ती कागदाकडंच बघत होती. मी लिहिलं, 'नाही.' त्याखाली आईच्या मृत्यूचं कारण विचारलं होतं. तिथं लिहिलं, 'अपघात.' भाषणं करणाऱ्या तुझ्या मुलीनं गावाचंच वाक्य उतरवलं आणि खाली सही केली.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि वडिलांना दाखवायचं धाडस माझ्यात नाही. पण आज तिसऱ्यांदा गेले तेव्हा मी बाईंकडून तो कागद मागून घेतला. 'नाही' खोडलं. 'अपघात' खोडलं. पहिल्या जागी लिहिलं, 'हो, आईला. तिनं सांगितलं होतं.' आणि दुसऱ्या जागी, 'माहीत नाही.' मग आत्याला ते वाचून दाखवलं. तिनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "मला सांगितलं हुतं, आसं लिव."

मी तसं लिहून दिलं.