आठ वाजताचं रेकॉर्डिंग

७ एप्रिल, सोमवार
पद्मजा पुण्याला चारुताकडं गेली त्याला महिना होत आला. लेकीचं बाळंतपण, जायलाच हवं होतं. मला इथं एकट्यानं राहायला काहीच अडचण नाही. उलट घर कसं शांत आहे.
तिची आठ वाजताची मालिका रोज रेकॉर्ड करून ठेवतोय. आली की सलग बघेल. तिकडं बाळाच्या धांदलीत तिला कुठली फुरसत! मी स्वतः मालिका बघत नाही. रेकॉर्डिंग नीट झालंय का, एवढंच तपासतो. आज शेवटपर्यंत तपासलं.
सेट-टॉप बॉक्स जरा स्लो झालाय. बटण दाबावं, आत जाऊन पाणी पिऊन यावं, तेव्हा मेनू उघडतो. किरकोळ काम. पाटबंधारे खात्यात अख्खी नोकरी मशीनरीवर काढली. उद्या सकाळी करून टाकतो.

८ एप्रिल
झालं नाही. रिमोटचे सेल बदलले, वायरी काढून पुसून लावल्या. मग कारण सापडलं. ऊन. एवढं तापतंय, त्यात बॉक्सचा काय दोष? टेबल फॅन त्याच्याकडं वळवला. मी छताच्या पंख्याखाली बसलो, तो नुसती गरम हवा फेकतो.
मालिकेत थोरली सून काहीतरी महत्त्वाचं बोलणार तेवढ्यात चित्र अडकलं. तोंड उघडं ठेवून बराच वेळ तशीच. मला फरक पडत नाही. पद्मजाला पडेल.

१० एप्रिल
कस्टमर केअरला फोन. सावनी नावाची मुलगी, फार समजूतदार. म्हणाली, सर, रेकॉर्डिंगची हार्ड डिस्क खराब होत असेल, ती काढून बॉक्स चालवून बघा. तिला सांगितलं, डिस्क मी स्वतः पैठण गेटला दुकानं पालथी घालून निवडली आहे, तिला काही होणार नाही. ओघात पद्मजाच्या गुडघ्यांचंही सांगितलं. शेवटी तिनं विचारलं, आणखी काही मदत करू शकते का? असं आजकाल कोण विचारतं!

११ एप्रिल
पुन्हा फोन केला. सावनी नव्हती, रूपा होती. सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, गुडघ्यांसकट. तीही डिस्कच म्हणाली. यांना एकच उत्तर शिकवलेलं दिसतं.
संध्याकाळी चारुताचा फोन. बाबा, तुम्हीच या ना इकडं, एकटे काय करता? म्हटलं, नळाला आठवड्यानं पाणी येतं, ते कोण भरणार? शिवाय रेकॉर्डिंग. मागून हिमांशूचा आवाज, खोली रिकामीच आहे म्हणावं. जावई चांगला आहे. पण मी असा उठून कुणाच्या घरी जात नसतो. आणखी दोनदा आग्रह झाला असता तर विचार केला असता. बाळ रडायला लागलं.

१५ एप्रिल
कय्यूमभाई आले होते, छावणीतून. खात्यातले जुने सोबती. बॉक्सला कान लावला. आतून टक टक आवाज येतो, तो मला ठाऊक होताच. म्हणाले, "सदाशिवराव, डिस्क गेली. हौ, गेलीच समजा. आहे ते दुसरीकडं उतरवून घ्या."
म्हटलं, तो आवाज नॉर्मल आहे, डिस्क काम करतेय म्हणून येतो. त्यांनी वाद घातला नाही. चहा घेतला. वहिनी कधी येणार विचारलं. महिनाअखेर, मी म्हणालो. अनवरीभाभी बहिणीकडं गेल्या की त्यांना चार दिवसांतच घर खायला उठतं म्हणे. मी म्हटलं, मला तसलं काही होत नाही. जाताना मी त्यांना गेटपर्यंत सोडलं, मग कोपऱ्यापर्यंत, मग रिक्षा मिळेपर्यंत.

१८ एप्रिल
डिस्क सापडत नाही, अशी पाटी स्क्रीनवर. काढली, लावली. फुंकली. उलटी करून लावली. आता टक टकही नाही. महिनाभराची मालिका गेली. थोरल्या सुनेची गेलेली स्मृती कालच्या भागात परत येणार होती, तो तपासायचा राहून गेला.
पद्मजाला कसं सांगू?

१९ एप्रिल
सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मी रोज मोबाईलवर बघते की. दुपारी बाळ झोपलं की लावते." मग म्हणाली, "एवढे दिवस तुम्ही ते माझ्यासाठी भरून ठेवत होता? बोलला का नाहीत?"
विषय निघाला नाही, म्हटलं.
मग तिनं तिकडचं सांगितलं. पुढं चारुताची रजा संपली की बाळाजवळ कुणीतरी हवं. दिवाळीपर्यंत ती तिकडंच. मीही तिला हेच सुचवणार होतो.

२० एप्रिल
निर्णय घेतला. इथं आता रेकॉर्डिंगची जबाबदारी नाही, तेव्हा पुण्याला जायला हरकत नाही. पाण्याचं शेजारच्या पारूबाईंना सांगितलं. बॅग भरली. बाळासाठी टोपडं घेतलं. चारुताला फोन केला, म्हटलं, तू इतकं म्हणतेस तर येतो.
ती घुटमळली. हिमांशूचे आईवडील कालच आलेत, जूनपर्यंत आहेत. खोली त्यांना दिली आहे. "बाबा, हॉलमध्ये चालेल का तुम्हाला?"
छे छे, म्हटलं. मी आपलं सहज विचारलं. इथंच कामं पुष्कळ पडलीत.

२१ एप्रिल
डिस्क नसल्यामुळं बॉक्स एकदम फास्ट. बटण दाबलं की चॅनल हजर. माझंच म्हणणं होतं, बॉक्स चांगला आहे.
आठला मालिका लावली आणि पद्मजाला फोन केला. म्हटलं, फोन चालू ठेवू, दोघं मिळून बघू. ती म्हणाली, मोबाईलवर भाग आधीच येतो, मी दुपारीच बघितला. पुढं काय होतं सांगू का?
म्हटलं, सांग.
तिनं सुरुवात केली. तेवढ्यात बाळ उठलं. फोन ठेवला.
राहिलेला भाग मी बघून घेतला.